वडील, बंधू, मंडळी : जालन्याजवळच्या बेथेलची कुळकथा

१/ मुदखेड जंक्शनवरून मनमाडकडे निघालेली गाडी नांदेड, पूर्णा, परभणी ओलांडून जालन्यास पोहोचते. हा लोहमार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्याच्या काही दशके आधी, रेल्वे आणि पक्की सडक या दोन्हींच्या अभावात, जालन्याजवळच्या माळावर एक नवी शेतकरी वसाहत उभी राहिली. तिचे नाव बेथेल. ही तिच्या संस्थापकाची, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांची, आणि त्यांच्या दुभंगलेल्या घराण्याची हकिकत. थ्रेड दीर्घ आहे.

२/ आरंभी तीन शब्द ध्यानात ठेवावेत. मराठी ख्रिस्ती परिभाषेत चर्चच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. त्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या जबाबदार गृहस्थांना ‘वडील’ म्हणतात. सहधर्मीयांना ‘बंधू’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वयाने ज्येष्ठ’ एवढाच होता. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी घरातला शब्द उचलला. परिणामी मराठीत एक विलक्षण गोष्ट घडली : घर सोडून आलेल्या माणसाला नव्या ठिकाणीही वडील, बंधू आणि मंडळीच भेटली. शब्द तेच राहिले आणि माणसे बदलली.

३/ हा बदल किती वेदनादायक होता, हे मुंबईने १८३९ मध्येच पाहिले होते. डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंना परत मिळवण्यासाठी आप्तांनी सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. मुलाचे वय सोळाच्या घरात होते. त्याने स्वतः निवड करावी, असे ठरले आणि तो परतला नाही. पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली.

४/ चार वर्षांनी, १८४३ मध्ये, दोन दूरस्थ घटना एकाच वर्षात घडल्या. १८ मे रोजी एडिंबरोत स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. गावचा धर्मोपदेशक कोणी नेमावा, जमीनदाराने की मंडळीने, हा वादाचा गाभा होता. चारशेहून अधिक धर्मोपदेशक आपली घरे आणि वेतने सोडून बाहेर पडले व त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापिले. मुंबईचे स्कॉटिश मिशनरीही त्यांच्यासमवेत गेले. मंडळीचा अधिकार जमिनीच्या मालकाहून मोठा आहे, हे तत्त्व ज्यांनी घरदार गमावून जपले, त्यांच्याच आश्रयाने पुढे बेथेल उभे राहिले.

५/ दुसरी घटना मुंबईतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाला रॉबर्ट नेस्बिट यांनी बाप्तिस्मा दिला. विल्सन त्या वेळी मायदेशी गेले होते. नेस्बिट १८२७ मध्ये हिंदुस्थानात आलेले, मराठीवर असामान्य प्रभुत्व मिळवलेले गृहस्थ. नारायण त्याच मिशनच्या शाळेत शिकलेला होता. मुंबईत ब्राह्मण विद्यार्थ्याने उघडपणे धर्म बदलावा, ही त्या काळी सबंध नगराला हादरवणारी बाब होती.

६/ प्रकरण तेथेच थांबले नाही. नारायणचा धाकटा भाऊ श्रीपाद (इंग्रजी कागदपत्रांत ‘श्रीपत’) थोरल्याच्या पाठोपाठ मिशनच्या घरी राहावयास गेला. त्याचे वय बाराच्या आसपास होते. एक मुलगा गेला, आता दुसराही जाणार, हे पाहून वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले. ‘राणी विरुद्ध नेस्बिट’ या नावाने हा खटला कायद्याच्या ग्रंथांत नोंदला गेला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी मुलाचा ताबा वडिलांकडे देण्याचा आदेश दिला.

७/ धनजीभाईंना स्वतःची निवड करता आली, श्रीपादला आली नाही. दोन निकालांतील अंतर चार वर्षांचे, आणि दोन मुलांच्या वयांतील अंतरही साधारण तेवढेच. अजाण मुलाच्या श्रद्धेपेक्षा पित्याचा अधिकार मोठा मानला गेला. एकाच घरातील दोन भावांपैकी एकाने मिशनचा मार्ग धरला, दुसऱ्याला घरी आणण्यात आले. पुढची सारी कथा या फाट्यापासून सुरू होते.

८/ घरी आणले, पण घरात कसे घ्यावयाचे? श्रीपाद मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्यांचे अन्न त्याने घेतले होते. रूढीच्या दृष्टीने तो बाटला. येथे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. अजाणतेपणी झालेल्या गोष्टीचे प्रायश्चित्त देऊन मुलाला जातीत परत घ्यावे, अशी बाजू त्यांनी मांडली. मोठा वाद माजला. अखेरीस प्रायश्चित्त होऊन श्रीपाद हिंदू समाजात परतला. मात्र त्यासाठी बाळशास्त्रींना कर्मठांचा रोष सोसावा लागला. १८४६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, बाळशास्त्री निवर्तले.

९/ या प्रकरणावर लिहिणारे बहुधा दोन बाजू मांडतात : मिशनरी आणि सुधारक. तिसरी बाजू क्वचित दिसते, ती वडिलांची. दोन मुलगे, एक कायमचा दुरावला, दुसऱ्याला मिळवण्यासाठी परक्या सरकारच्या न्यायालयात उभे राहावे लागले, आणि जिंकल्यानंतर स्वजातीच्या पंचांपुढेही उभे राहावे लागले. न्यायालयाने मुलगा दिला; समाजाने तो स्वीकारावा म्हणून पुन्हा याचना करावी लागली. त्या पित्याच्या हाती नेमके काय उरले असेल, याचा अंदाज कोणत्याही निकालपत्रात लागत नाही.

१०/ थोरल्याचे नाते तुटले म्हणजे काय झाले, हे ‘घटस्फोट’ या शब्दाच्या इतिहासात दिसते. आज तो विवाहविच्छेदासाठी वापरतात. पूर्वी जातिबहिष्कृताच्या नावाने घडा फोडून, तो मेला असे समजून करावयाच्या विधीला हे नाव होते. जिवंत माणूस कुळाच्या हिशेबातून वजा होई. मग वारसाहक्काचा प्रश्नच उरत नसे. १८५० च्या २१ व्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात ही स्थिती बदलली : धर्मांतराने वारसाहक्क जाणार नाही, असे ठरले. निजामाच्या राज्यात मात्र कंपनीचा कायदा चालत नव्हता.

११/ १८५४ मध्ये नारायण शेषाद्री यांना फ्री चर्चचे धर्मोपदेशक म्हणून दीक्षा मिळाली. १८६० च्या दशकाच्या आरंभी ते जालन्यास गेले. घरचे वडील गमावलेला हा माणूस आता इतरांसाठी घरे वसवू पाहत होता. मुंबईतील इंग्रजी शिक्षण, व्याख्याने, वृत्तपत्रे मागे राहिली. पुढे होता निजामाचा मुलूख, जेथे मुसलमान राज्यकर्ते, फारसी दप्तर, मराठी रयत आणि हाली सिक्का होता.

१२/ कुंडलिका नदीकाठचे जालना तेव्हाही मोठी पेठ होते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही मराठवाड्यात ऐकू येते. येथून काही कोसांवर असई आहे, जेथे १८०३ मध्ये शिंदे-भोसले यांची फौज आणि वेलस्ली यांची लढाई झाली. पुढे जालन्यात लष्करी छावणी आली. छावणीमुळे युरोपीय अधिकारी, त्यांचे चर्च आणि त्यांची कामे करणारा कष्टकरी वर्ग येथे आधीपासून होता. पण पाळण्यातले सोने पेठेत होते. गावकुसाबाहेर त्याचा मागमूस नव्हता.

१३/ शेषाद्रींच्या मंडळीत आले ते मुख्यतः मांग समाजातील लोक. या समाजाचे गावगाड्यातील एक काम विशेष लक्षात घ्यावे : दोरखंड वळणे. विहिरीवरची मोट ज्या नाड्याने आणि सोंदराने ओढली जाई, ते बहुधा मांगांच्या हातचे असत. सबंध गावाचे मळे त्या दोरावर भिजत. त्याच विहिरीला स्पर्श करण्याचा अधिकार मात्र दोर वळणाऱ्याला नव्हता. १८५५ मध्ये पुण्यात मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला, तो याच अवस्थेबद्दल होता.

१४/ येथे एक अडचण होती, जी प्रवचनाने सुटणारी नव्हती. गावाची कामे करणाऱ्याला पैसा मिळत नसे. बलुते मिळे, म्हणजे सुगीच्या वेळी धान्याचा वाटा. हा वाटा गावाच्या मर्जीवर अवलंबून होता. धर्म बदलला, सणावारातील व देवकार्यातील ठरलेले काम नाकारले, की बलुते बंद. घर गावठाणात, जागा गावाची, पाणी गावाचे. ब्राह्मण तरुण बाटला तर वारसा जाई; मांग कुटुंब बाटले तर संध्याकाळची भाकरी जाई. दोन्हींवर इलाज एकच होता, तो म्हणजे कोणाच्या मर्जीवर नसलेली जमीन.

१५/ अशी जमीन देऊ शकेल असा एकच माणूस हैदराबादेत होता. मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग, १८५३ पासून निजामाचे दिवाण होते. वसुलीची मक्तेदारी मोडून पगारी अधिकारी नेमणे आणि राज्याची जिल्हाबंदी करणे, ही त्यांची कामे प्रसिद्ध आहेत. पडीक जमीन लागवडीस यावी, रयत स्थिर व्हावी, सारा नियमित यावा, हे त्यांचे धोरण होते. एका मुसलमान दिवाणाने ब्राह्मणकुळातल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या विनंतीवरून मांग कुटुंबांसाठी जमीन मंजूर केली. ती सुमारे ८०० एकर होती, आणि आरंभीची काही वर्षे साऱ्याची माफी होती.

१६/ हे औदार्य होते, पण निव्वळ औदार्य नव्हे. दख्खनेत उजाड गाव वसवणाऱ्याला कौल देण्याची रीत जुनी होती. पहिली वर्षे माफी, मग सारा थोडा थोडा वाढवत पुरा करावयाचा. यालाच इस्तावा म्हणत. राज्याला पडीक जमिनीतून पुढे उत्पन्न मिळे, वसवणाऱ्याला गाव मिळे. सालारजंगांनी मिशनला दिलेली सवलत याच परंपरेत बसते. म्हणून बेथेलला विलायती वसाहतीची नक्कल मानणे चुकीचे ठरेल. नाव बायबलातले असले तरी तिचा पाया दख्खनी महसुली पद्धतीत होता.

१७/ नावामागची कथा अर्थपूर्ण आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब भावाशी वैर झाल्यामुळे वडिलांचे घर सोडून निघतो. वाटेत रात्र होते, तो दगड उशाला घेऊन निजतो आणि त्याला स्वप्नात अभिवचन मिळते : ज्या भूमीवर तू निजला आहेस ती तुला व तुझ्या संततीला देईन. सकाळी उठून तो त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. घर, भाऊ आणि जमीन या तिन्ही गोष्टी त्या एका कथेत आहेत. नारायण शेषाद्रींना या नावाचा वेगळा खुलासा करावा लागला नसेल.

१८/ आता जमिनीकडे वळू. पडीक काळी जमीन लागवडीस आणणे म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. हराळी आणि कुंदा या गवतांच्या मुळ्या हात-हातभर खोल जातात. त्या उपटण्यासाठी जड लाकडी नांगर लागे आणि तो ओढावयास तीन-चार बैलजोड्या. उन्हाळ्यात ढेकळे उलथून तापू द्यावयाची, पावसाआधी कुळवावयाची, पहिली एक-दोन वर्षे पीक बेताचेच धरावयाचे. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकही बैल नव्हता, त्याने हे कसे करावे?

१९/ दख्खनच्या शेतीकडे या प्रश्नाचे जुने उत्तर आहे : सावड आणि इर्जिक. सावडीत दोन-तीन शेतकरी आपली जनावरे एकत्र करून आळीपाळीने एकमेकांची शेते नांगरतात. इर्जिकेत गाव एका दिवसासाठी एकाच्या शेतावर जमते आणि शेतधनी सर्वांना जेवू घालतो. दोन्ही पद्धतींची एक अट असते : एकमेकांच्या पंक्तीस बसता आले पाहिजे. गावगाड्यात मांगाला ती पंगत बंद होती. प्रभुभोजनाच्या मेजाभोवती बसणाऱ्या मंडळीत ती खुली होती. म्हणून ‘मंडळी’ हा शब्द तेथे धर्माइतकाच शेतीचाही झाला.

२०/ वसाहतीत चर्च झाले, शाळा झाली, विहिरी झाल्या. यांपैकी विहीर सर्वांत दुर्लक्षित राहते. चर्चची छायाचित्रे निघतात, शाळेचे अहवाल लिहिले जातात. परंतु ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटेचे नाडे वळले, त्याने स्वतःच्या विहिरीवर, स्वतः वळलेल्या दोराने, स्वतःच्या वाफ्यात पाणी सोडणे यातला बदल शाळेहून कमी नव्हता. पाण्यावर हक्क आला की घराला पत्ता येतो. मग पुढची पिढी ‘अमक्या गावची’ म्हणून ओळखली जाते.

२१/ फ्री चर्चची पद्धत प्रेस्बिटेरियन, म्हणजे शब्दशः ‘वडिलांच्या कारभाराची’. बिशप नाही, धर्मोपदेशक आणि मंडळीने निवडलेले वडील मिळून कारभार पाहतात. सभासद कोणाला करावे, भांडण कसे मिटवावे, कोणाच्या घरी उपासमार आहे, कोण दारूच्या नादी लागला आहे, हे सारे वडिलांपुढे येते. गावच्या पंचायतीशी याचे साम्य उघड आहे. फरक असा की गावच्या पंचांपुढे मांग उंबऱ्याबाहेर उभा राहून दाद मागे. येथे तोच बैठकीत बसून निर्णय देऊ शकत होता.

२२/ या पदाला वेतन नसते. वडील आठवडाभर औत धरतो आणि रविवारी चर्चमध्ये जबाबदारी घेतो. त्यामुळे त्याचे वजन त्याच्या शेतीवर आणि वागणुकीवर ठरते, पुस्तकी विद्येवर नव्हे. गावाने ज्याच्या पित्याला एकेरी हाक मारली, त्याला आता सबंध मंडळी ‘वडील’ म्हणू लागली. मराठीत हा शब्द आदरार्थी बहुवचनाशिवाय चालत नाही. ‘वडील आला’ असे कोणी म्हणत नाही. ‘वडील आले’ असेच म्हणावे लागते.

२३/ शेतकरी आणि मंडळीचा वडील ही जोडी जगात अन्यत्रही दिसते. जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ येथे १७०८ मध्ये अलेक्झांडर माक यांच्यासह आठ जणांनी नदीत बाप्तिस्मा घेऊन ‘बंधुसमाज’ सुरू केला. छळामुळे ते १७१९ पासून पेनसिल्व्हेनियात जाऊ लागले. तेथून त्यांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेकडे नवी जमीन फोडत सरकली. त्यांचे धर्मोपदेशक बिनपगारी असत. जो उत्तम शेतकरी, तोच बहुधा मंडळीचा वडील. हातात नांगर, सदऱ्यात बायबल, असा तो पेशा.

२४/ हेच बंधू पुढे आपल्या किनाऱ्यावर आले. विल्बर व मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन हे १८९४ मध्ये निघून गुजरातेत बलसाडला स्थिरावले; काही वर्षांत डहाणूच्या वारली-पट्ट्यात त्यांचे काम सुरू झाले. त्यांच्याकडे शेतकरी आधी, वडील नंतर, असा क्रम होता. जालन्यात क्रम उलटा पडला : आधी मंडळी, मग तिला टिकवण्यासाठी जमीन. अमेरिकेत जमीन फोडणाऱ्यापुढे अडथळा जंगलाचा होता. जालन्यात जंगल कमी आणि जात अधिक होती.

२५/ शेषाद्रींना अमेरिका अपरिचित नव्हती. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यू यॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या जागतिक परिषदेला ते उपस्थित होते. पागोटे आणि झगा अशा देशी पोशाखातले हे इंग्रजी वक्ते तेथे चांगलेच गाजले. स्कॉटलंड व अमेरिकेतील श्रोत्यांसमोर त्यांनी जालन्याच्या कामाची हकिकत ठेवली. ज्या कुळात समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाई, त्या कुळातल्या माणसाच्या शब्दावर दोन खंडांतल्या लोकांनी विश्वास ठेवला.

२६/ आक्षेपही होते आणि ते टाळता येत नाहीत. जमिनीच्या आशेने लोक धर्म बदलतात, असे त्या काळी म्हटले जाई; आजही म्हटले जाते. आणखी एक आक्षेप अधिक खोल आहे : जमीन एका व्यक्तीच्या वजनावर मिळाली, तर पाटलाच्या मर्जीच्या जागी पाद्र्याची मर्जी येते. १८७६–७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली तेव्हा मिशनांच्या दारी आलेल्यांत श्रद्धा किती आणि भूक किती, हे कोणी मोजावे? मात्र प्रश्न विचारणाऱ्याने उलट बाजूही पाहावी. ज्याला ना जमीन, ना पाणी, ना पंक्ती, त्याच्याकडून निरपेक्ष श्रद्धेची मागणी करणारे बहुधा स्वतःच्या वतनावर बसलेले असत.

२७/ १८९१ मध्ये नारायण शेषाद्री समुद्रप्रवासातच निवर्तले. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ज्या मुंबईत त्यांच्या धाकट्या भावाला न्यायालयाने परत पाठवले, तेथून फार दूर त्यांचा अंत झाला. जालन्याला रेल्वे येण्याआधीच ते गेले. दिवाण सालारजंग त्याआधी १८८३ मध्ये वारले होते. सवलत देणारा आणि घेणारा दोघेही गेल्यावर वसाहत उरली ती औत धरणाऱ्यांच्या आणि मंडळीच्या वडिलांच्या बळावर.

२८/ पुढचे टप्पे थोडक्यात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंघटना एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत प्रेस्बिटेरियन परंपरेचा युनायटेड चर्च होता आणि डहाणू-बलसाडकडचा ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ही होता. जालन्याचे वडील आणि डहाणूचे बंधू अशा रीतीने अखेर एका मंडळीत आले.

२९/ विलीनीकरणानंतरची एक गोष्ट या कुटुंबांना थेट भिडते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली. ती सुरुवातीस हिंदूंपुरती होती. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तीत समाविष्ट झाले. ख्रिस्ती झालेले बाहेरच राहिले. चर्चच्या नोंदवहीत आजोबांचे नाव बाप्तिस्म्याच्या तारखेसह आहे, आणि नेमकी तीच नोंद नातवाच्या सवलतीआड येते. कुळाचा इतिहास शोधावा की झाकावा, असा पेच कित्येक घरांपुढे उभा राहतो. आडनाव तेच, भावकी तीच, दाखले मात्र वेगवेगळे.

३०/ मराठवाड्यात सध्या निजामकालीन नोंदींचा शोध घरोघर चालू आहे. अशा कुटुंबांनी तीन ठिकाणी पाहावे. पहिले, मंडळीच्या नोंदवह्या : बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. दुसरे, १९५४-५५ ची खासरा पाहणी व त्यामागची उर्दू-मोडी कागदपत्रे. जमीन कोणाच्या नावे आणि कोणाच्या वहिवाटीत होती, हे तेथे कळते. तिसरे, मूळ गावची भावकी. कारण धर्म बदलला तरी लग्ना-मर्तिकाचा निरोप कैक ठिकाणी चालू राहिला. इतर कुळांना त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. येथे ते काम चर्चची वही करते.

३१/ शेषाद्री घराण्याच्या आरंभी एक पिता होता. त्याने मुलासाठी न्यायालय गाठले आणि तेथे तो जिंकला. त्याचा दुसरा मुलगा तोवर पूर्णपणे दुरावला होता. त्याच दुरावलेल्या मुलाने पुढे सुमारे ८०० एकर माळावर, गावाने ज्यांना कधी आपले म्हटले नाही, अशांची घरे वसवली. एका घराचे नुकसान दुसऱ्या अनेक घरांच्या लाभाने भरून निघते काय, याचा हिशेब मांडता येत नाही. तो पिता तरी तो मान्य करता ना. पण बेथेलच्या मातीत ज्यांच्या पणजोबांनी पहिल्यांदा हराळी उपटली, त्यांच्या दृष्टीने इतिहासाची सुरुवात तेथूनच होते, आणि आपल्या कुळाचा पहिला ‘वडील’ म्हणून ते नाव घेतात त्या औत धरणाऱ्या पणजोबांचेच.